कामगार संघटनेचं राष्ट्रीय अधिवेशन: पहिल्यांदा जाणाऱ्या प्रतिनिधींचे आणि घरी राहणाऱ्या सभासदांचे प्रश्न

अधिवेशन जवळ आलं की वर्गणीची पावती फाडताना, गेटवर, कँटीनमध्ये तेच तेच प्रश्न येतात. काही खरे असतात, काही खोचक. दोन्हींची उत्तरं इथे आहेत. कोणत्याही एका झेंड्याचा हा प्रचार नाही. पण लिहिणारा युनियनच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

राष्ट्रीय अधिवेशन म्हणजे नक्की काय? मोठी जाहीर सभाच ना?

जाहीर सभा हा त्याचा एक भाग, बहुतेक वेळा पहिल्या किंवा शेवटच्या दिवशीचा. मिरवणूक, झेंडे, पाहुण्यांची भाषणं, वर्तमानपत्रातला फोटो हे सगळं त्यातलं. खरं काम बंद दाराआडच्या प्रतिनिधी सत्रात होतं. संघटनेच्या घटनेनुसार अधिवेशन हे तिचं सर्वोच्च व्यासपीठ. सरचिटणीस मागच्या काळाचा अहवाल ठेवतात, प्रतिनिधी त्यावर बोलतात, जमाखर्च मांडला जातो, ठराव होतात आणि नवी कार्यकारिणी निवडली जाते. दोन अधिवेशनांमध्ये साधारण तीन-चार वर्षांचं अंतर असतं. राज्य आणि जिल्हा पातळीवरची अधिवेशनं त्याआधी उरकलेली असतात.

आणखी एक प्रकार असतो: वेगवेगळ्या केंद्रीय संघटना (देशभरच्या युनियनांना जोडणाऱ्या मोठ्या संघटना) मिळून भरवतात ती संयुक्त राष्ट्रीय परिषद. ती एका दिवसाची, एका जाहीरनाम्याची आणि पुढच्या कृतीची. मार्च २०२५ मध्ये दिल्लीत अशी परिषद भरली आणि तिथे ठरलेला देशव्यापी संप अखेर ९ जुलै २०२५ रोजी झाला. लोक या दोन्हींची गल्लत करतात. पहिलीत संघटना स्वतःचं घर तपासते, दुसरीत शेजाऱ्यांशी ठरवते.

ही परंपरा कधीपासूनची?

अखिल भारतीय पातळीवर बोलायचं तर ३१ ऑक्टोबर १९२० पासूनची. त्या दिवशी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये आयटकचं, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचं, पहिलं अधिवेशन भरलं. लाला लजपतराय अध्यक्ष, दिवाण चमनलाल सरचिटणीस, आणि मुंबईकरांचे काका बॅप्टिस्टा उपाध्यक्षांमध्ये. तातडीचं कारण मोठं मजेशीर आहे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटना स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सरकारने संघटनांना न विचारता ना. म. जोशींना पाठवलं. माणूस चांगला होता, पण निवड कामगारांनी केलेली नव्हती. देशभरच्या युनियनांची एक संघटना असेल तरच ‘प्रतिनिधी आम्ही ठरवू’ म्हणता येणार होतं. ती उभी राहण्यामागचं हे एक मोठं कारण. जोशींनी पुढे याच संघटनेसाठी आयुष्याची कित्येक वर्षं खर्ची घातली.

मुळं मात्र त्याहून जुनी आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मिल हँड्स असोसिएशन काढली. फॅक्टरी कमिशनकडे जे निवेदन गेलं, त्यावर हजारो कामगारांच्या सह्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती या खटपटीतून. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, तेव्हा तर युनियनचा कायदाही नव्हता.

इतक्या संघटना कशाला? एकच असती तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा वैताग असतो आणि तो रास्त आहे. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असताना, ब्रिटिश सरकारने कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या व्हिटली आयोगावर बहिष्कार घालायचा की नाही या वादातून आयटक फुटली आणि जोशींचा गट बाहेर पडला. दोन वर्षांनी कलकत्त्यात आणखी एक फूट. पुढच्या दहा वर्षांत पुन्हा जुळलं. मग स्वातंत्र्याच्या तोंडावर मे १९४७ मध्ये इंटक (इंडियन नॅशनल ट्रेड युनियन काँग्रेस), डिसेंबर १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा, १९५५ च्या टिळक जयंतीला भोपाळमध्ये दत्तोपंत ठेंगडींचा भारतीय मजदूर संघ, १९७० मध्ये आयटकमधून वेगळी झालेली सिटू (सेंटर ऑफ इंडियन ट्रेड युनियन्स). बहुतेक फुटींच्या मागे पक्षांचं राजकारण होतं. त्याला तत्त्वाचा मुलामा सगळ्यांनीच दिला.

तरीही सगळं नुकसानच झालं असं मी म्हणणार नाही. मालकाशी साटंलोटं केलेल्या युनियनमधून बाहेर पडायला कामगाराकडे दुसरा झेंडा असतो, ही बहुसंघटनेची एक जमेची बाजू. तिची किंमत दरवेळी वाटाघाटीच्या टेबलावर मोजावी लागते, हीसुद्धा खरी गोष्ट.

गेल्या काही दशकांत संयुक्त मंच नावाची व्यवस्था रुळली आहे. इंटक, आयटक, हिंद मजदूर सभा, सिटू, सेवा (स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांची संघटना) यांच्यासह दहा केंद्रीय संघटना त्यात आहेत. भारतीय मजदूर संघ आज त्यात नाही. फेब्रुवारी २०१३ च्या दोन दिवसांच्या संपात तो होता, २ सप्टेंबर २०१५ च्या संपातून ऐन वेळी मागे फिरला.

प्रतिनिधी कोण ठरवतं? मी साधा ऑपरेटर आहे, मला पाठवतील?

संलग्न युनियनच्या सभासदसंख्येच्या प्रमाणात जागा ठरतात. इतक्या सभासदांमागे एक प्रतिनिधी, हे प्रमाण प्रत्येक संघटनेच्या घटनेत वेगळं असतं. ज्या युनियनने केंद्राकडे संलग्नता शुल्क भरलेलं नाही, तिचं नाव यादीत येत नाही. म्हणून अधिवेशनाआधीच्या महिन्यांत खजिनदार अचानक लोकप्रिय होतो.

नाव युनियनच्या कार्यकारिणीत किंवा राज्य अधिवेशनात ठरतं. इथे एक खोड सगळीकडे दिसते: दरवेळी तेच तिघे-चौघे जातात, कारण त्यांना ‘तिथलं माहीत आहे’. माझं मत विचाराल तर निम्मी नावं नवी असावीत, त्यात पस्तिशीच्या आतले असावेत, आणि निदान एक कंत्राटी कामगार असावा. साध्या ऑपरेटरने जायलाच हवं. नेत्यांना एकमेकांची भाषणं पाठ असतात.

निरीक्षक म्हणून गेलात तर बसता येतं, ऐकता येतं, मत देता येत नाही.

तिथे चार दिवस चालतं काय?

पहिल्या दिवशी नोंदणी. ओळखपत्र, अहवालाची प्रत, जेवणाची कुपनं आणि राहण्याच्या जागेचा पत्ता असलेली पिशवी मिळते. पिशवीतला अहवाल रात्रीच वाचून काढा, दुसऱ्या दिवशी वाचायला उसंत मिळत नाही. झेंडावंदन आणि हुतात्म्यांना अभिवादन झालं की अध्यक्षमंडळ स्थानापन्न होतं. शोकप्रस्ताव वाचतात. त्यात नेत्यांबरोबर कारखान्यातल्या स्फोटात, खाणीत, गटारात गेलेल्या कामगारांचाही उल्लेख असतो. तेव्हा सभागृहाबाहेर चहाला जाऊ नका.

मग सरचिटणीसांचा अहवाल. तो लांबतोच. त्यानंतर राज्यवार किंवा उद्योगवार गट बसतात, आणि अधिवेशनाचा जीव तिथे असतो. बंदरातला कामगार, चहामळ्यातली बाई, वीज मंडळाचा लाइनमन, बँकेतला कारकून एका चटईवर बसून एकाच परिच्छेदावर चार वेगळी मतं देतात. ठरावांची छाननी आयोग किंवा उपसमित्या करतात. सुकाणू समिती वेळापत्रक सांभाळते. प्रमाणपत्र समिती प्रतिनिधींचा तपशील मांडते: महिला किती, तुरुंगवास भोगलेले किती, सर्वांत तरुण आणि सर्वांत ज्येष्ठ कोण. हा छोटा अहवाल लोक हसतखेळत ऐकतात, पण संघटना म्हातारी होतेय की वाढतेय, ते त्यातूनच कळतं.

शेवटी अहवालावरच्या चर्चेला उत्तर, दुरुस्त्या, मतदान, निवडणूक. बहुतेक ठिकाणी पॅनेल एकमताने निवडलं जातं. क्वचित मतदान होतं आणि तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते.

मला हिंदी धड येत नाही, इंग्रजी तर नाहीच. बोलायला लावलं तर?

मराठीत बोला. दुभाषे असतात, नसतील तर आपल्याच राज्यातला कुणीतरी उठून हिंदीत सांगतो. वेळ पाच-सात मिनिटांचा मिळतो, त्यातलं पहिलं मिनिट ‘आदरणीय अध्यक्षमंडळ’ यात घालवू नका. तुमच्या कारखान्यात कायम किती, कंत्राटी किती, शेवटचा करार कधी झाला, काय मिळालं, काय गेलं एवढं सांगितलंत तरी पुष्कळ. जगाच्या राजकारणाचं विश्लेषण करायला तिथे बरेच जण उत्सुक असतात.

ठराव करून काय होतं? सरकार ऐकतं थोडंच?

सरकारला तो बंधनकारक नसतो. तो संघटनेला बांधतो. उद्या नेतृत्वाने उलट करार केला तर ‘अधिवेशनात काय ठरलं होतं’ हे तोंडावर फेकायला तुमच्याकडे कागद असतो.

सरकारपर्यंत नेण्याची जागा वेगळी होती: भारतीय श्रम परिषद. सरकार, मालक आणि कामगार एका टेबलावर. या त्रिपक्षीय परिषदांची घडी बसली ती १९४२ च्या सुमारास. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत ते खातं त्यांच्याकडे होतं. कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला तो याच काळात. १९५७ च्या पंधराव्या परिषदेने किमान वेतन कसं काढायचं ते ठरवलं: एका कुटुंबात तीन उपभोग घटक (म्हणजे तीन प्रौढांइतक्या गरजा), प्रत्येकी रोज २,७०० कॅलरीचं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, इंधन-दिवाबत्ती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात शिक्षण, औषधपाणी, सणवार यांसाठी २५ टक्क्यांची भर घातली. आजही वेतनाच्या वाटाघाटीत हाच हिशेब मांडला जातो. संयुक्त मंच दरमहा २६,००० रुपये किमान वेतन मागतो. केंद्राने २०१९ मध्ये जाहीर केलेलं राष्ट्रीय तळ वेतन होतं दिवसाला १७८ रुपये.

सेहेचाळिसावी श्रम परिषद जुलै २०१५ मध्ये भरली. त्यानंतरच्या दहा वर्षांत एकही नाही. कामगार कायद्यांची सगळी फेरमांडणी याच दहा वर्षांत झाली.

नव्या श्रम संहितांनी संपाचा हक्क गेला का?

गेला नाही, आवळला गेला. युनियन करण्याचा हक्क भारताच्या राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे. संप हा मूलभूत हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकापासून म्हटलं आहे. तो कायद्याने दिलेला हक्क आहे, त्यामुळे कायदा बदलला की तोही बदलतो.

जुन्या केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांना लागू आहे. पूर्वी नोटिशीची ही सक्ती मुख्यतः लोकोपयोगी सेवांपुरती होती. समेटाची कार्यवाही (सरकारी अधिकाऱ्यासमोरची तडजोडीची बोलणी) चालू असताना संप करता येत नाही, आणि नोटीस दिली की समेटाची कार्यवाही सुरू करता येते. यातली मेख ओळखा. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संप धरला जातो. बेकायदा संपात भाग घेतल्यास १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी आता ३०० किंवा अधिक कामगार असतील तरच लागते, पूर्वी ती मर्यादा १०० होती.

संहितेत ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला एकमेव वाटाघाटीची मान्यता देण्याची तरतूद आहे. कुणाकडेच तेवढे नसतील तर वाटाघाट परिषद बसते, त्यात २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. मान्यताप्राप्त युनियन ही संकल्पना मुंबईला नवी नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली गिरण्यांमध्ये एकच प्रातिनिधिक युनियन होती. कामगार तिच्यावर नाराज असूनही बोलणी तिच्याशीच होत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगार-बोनसबरोबर हाच कायदा रद्द करण्याची मागणी होती. ५१ टक्क्यांकडे पाहताना ही आठवण ठेवावी.

‘कामगार एकजुटीचा विजय असो’ ही घोषणा रोज देतो, पण आमच्याकडे कायम आणि कंत्राटी कामगार एका टेबलावर जेवतसुद्धा नाहीत. मग एकजूट कसली?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर अधिवेशनाच्या मांडवात मिळत नाही.

एकजूट इथे पूर्वीही सोपी नव्हती. १९२८ मध्ये मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचं नाव त्यातून घरोघरी गेलं. पण त्याच गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला) धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण साचेवाल्यांना त्याचा विटाळ होई. साचेखात्यात पगार जास्त. म्हणजे मालकाविरुद्ध एकत्र लढायचं आणि चांगलं काम मात्र आपल्यातच राखायचं. डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा संपाच्या वेळी उघडपणे मांडला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचं सांगितलं. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. मतभेद मिटले नव्हते, तरी एकत्र संप झाला.

आजचं साचेखातं म्हणजे कायम कामगाराचं ओळखपत्र. एकाच लाइनवर दोघं तेच बोल्ट आवळतात, एकाला दुसऱ्याच्या कितीतरी पट पगार. बस वेगळी, कँटीनचं कुपन वेगळं, बोनस वेगळा. मालकाला हे सोयीचं आहे, हे सगळ्यांना कळतं. कायम कामगारांच्या करारात वाढीव पगाराबरोबर ‘उत्पादनात लवचीकता’ हे कलम सही करून घेतलं जातं आणि त्याचा अर्थ आणखी कंत्राटी भरती, हेही सही करणाऱ्यांना कळत असतं. तिथे दोष फक्त मालकाला देऊन चालणार नाही.

कायद्याची मदत मर्यादित आहे. सेलच्या (सरकारी पोलाद कंपनीच्या) खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. २०१६ च्या जगजित सिंग निकालात सरकारी सेवेतल्या हंगामी कर्मचाऱ्यांसाठी समान कामाला समान वेतनाचं तत्त्व मान्य झालं. पण संघटना चिवट असेल तर वाट निघते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं लढून मुंबई महापालिकेतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश मिळवला, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो उचलून धरला.

करता येण्याजोगं पहिलं काम: युनियनच्या घटनेत कंत्राटी कामगाराला सभासद होता येतं का ते पाहा. नसेल तर दुरुस्ती सुचवा. दुसरं: पुढच्या मागणीपत्रातली पहिली मागणी कंत्राटी कामगारांची ठेवा, शेवटची नको. शेवटची मागणी समेटात सर्वांत आधी सोडली जाते.

आशा, अंगणवाडी सेविका, डिलिव्हरीवाली मुलं यांनाही कामगार म्हणायचं?

अंगणवाडी सेविकांना पगार नाही, ‘मानधन’ मिळतं. आशांना कामावर आधारित मोबदला. शब्द बदलला की किमान वेतन टळतं. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या श्रम परिषदेने, म्हणजे सरकार आणि मालकही हजर असलेल्या परिषदेने, योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना अशी शिफारस केली होती. ती तशीच पडून आहे. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून दीर्घ संपावर गेल्या होत्या. आज कोणत्याही मोर्चात सर्वांत लांब रांग याच बायकांची असते. व्यासपीठावर मात्र त्या अजून कमी दिसतात.

डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये कायदा केला, कर्नाटकानेही पुढे केला. आणि ज्यांना ‘असंघटित’ म्हणतात, त्यांना संघटित करता येतं हे महाराष्ट्राने केव्हाच दाखवलंय: १९६९ चा माथाडी कायदा, पुण्याची हमाल पंचायत, कचरावेचकांची १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत.

एक दिवसाच्या संपाने काय होतं? पगार मात्र कापला जातो.

एका दिवसाने कायदा मागे जात नाही. तो दिवस तालीम असतो, आणि तुमच्या युनिटची खरी ताकद कागदाबाहेर किती आहे ते त्या दिवशी समजतं. १९७४ च्या रेल्वे संपात सुमारे १७ लाख कर्मचारी ८ ते २७ मे असे वीस दिवस उतरले. हजारोंना अटक झाली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वे वसाहतींमधून कुटुंबांना बाहेर काढण्यापर्यंत मजल गेली, आणि संप बिनशर्त मागे घ्यावा लागला. मोठा संप नेहमी जिंकतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि छोटा हरतोच असंही नाही.

अधिवेशनाला गेलो म्हणून व्यवस्थापनाने त्रास दिला तर?

युनियनच्या कामामुळे कामगाराला काढणं, आकसाने बदली करणं ही ‘अनुचित कामगार प्रथा’ आहे. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने तिच्याविरुद्ध कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात दाद मागता येत आली आहे. नव्या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही अशा प्रथांची यादी आहे. तरीही रजा रीतसर अर्ज देऊन, पोच घेऊन टाका. करारात युनियन कामासाठी विशेष रजा असेल तर तीच वापरा. न सांगता गैरहजर राहून चार्जशीट ओढवून घेण्यात शौर्य नाही.

खर्च?

प्रवास आणि प्रतिनिधी शुल्क युनियन देते. राहण्या-जेवणाचं यजमान शहरातली स्वागत समिती पाहते, त्यासाठी तिथले कामगार महिनोन्‌महिने वर्गणी गोळा करतात. गाद्या पातळ असतात. तक्रार करण्याआधी हे लक्षात घ्या.

परत आल्यावर काय करायचं?

आठ दिवसांच्या आत गेट मीटिंग. पंधरा मिनिटं पुरतात: काय ठरलं, त्यातलं आपल्याला काय लागू, आपल्या उद्योगातल्या दुसऱ्या राज्यांतल्या युनियनांनी काय करार केले. शेवटचा भाग लोक सर्वांत कान देऊन ऐकतात, म्हणून अधिवेशनात त्या लोकांचे फोन नंबर आणि कराराच्या प्रती मागून आणा. कंत्राटी कामगारांनाही बोलवा. त्यांची पाळी बऱ्याच ठिकाणी वेगळ्या वेळी सुटते आणि ठेकेदाराची गाडी थांबत नाही, तेव्हा मीटिंग दोनदा घ्यावी लागेल.